नकळत पूर्वग्रह आणि कार्यालयातील समावेशकता

नकळत पूर्वग्रह म्हणजे एखाद्याची जात, धर्म, लिंग, वर्ण, वय, भाषा किंवा अपंगत्व पाहून मनात आपोआप उमटणारा आणि ज्याच्या मनात उमटतो त्याला स्वतःलाच न जाणवणारा ग्रह. यालाच ‘अबोध पूर्वग्रह’ असेही म्हणतात. कचेऱ्यांमध्ये मात्र सर्रास ‘अनकॉन्शस बायस’ हाच शब्द ऐकू येतो. उघड द्वेषापेक्षा ही गोष्ट वेगळी आहे. समतेवर मनापासून विश्वास असलेल्या, कुणाचे वाईट न चिंतणाऱ्या माणसाच्या निर्णयातही तो डोकावतो, आणि म्हणूनच तो पकडणे अवघड जाते. समावेशकता हा त्याच्या पुढचा भाग. वेगवेगळ्या घरांतून आलेली माणसे हजेरीपटावर असली म्हणजे ती साधली असे होत नाही. त्यांचे म्हणणे निर्णयापर्यंत पोहोचते का, चांगले काम त्यांच्या वाट्याला येते का आणि बढतीच्या वेळी त्यांचे नाव कुणाला आठवते का, यावर ती ठरते.

मूल्यमापनातील अशा चुकांची नोंद जुनी आहे. १९२० साली एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की लष्करी अधिकारी हाताखालच्या माणसांना बुद्धी, नेतृत्व, शरीरयष्टी असे वेगवेगळे गुण देतात तेव्हा ते गुण संशय यावा इतके एकमेकांशी जुळतात. एका गोष्टीची छाप बाकी सगळ्यांवर पडते. १९७४ मध्ये एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी घाईच्या निर्णयात मन कोणत्या आडवाटा धरते, हे मांडले. पूर्वग्रहाचा नकळत भाग मोजण्याचा प्रयत्न मात्र अँथनी ग्रीनवाल्ड व महजरीन बानाजी यांच्या १९९५ च्या लेखानंतर जोरात सुरू झाला. ग्रीनवाल्ड व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. पडद्यावर येणारे शब्द आणि चेहरे झटपट वर्गवार लावायचे आणि कोणत्या जोड्या लावताना बोट किंचित अडखळते ते पाहायचे, असे तिचे स्वरूप. ही चाचणी जगभर लाखो लोकांनी दिली आहे. तरी एकाच माणसाचे गुण दोन वेळांना वेगळे येतात. मोठ्या समूहाचा कल तिच्यातून दिसतो, पण तिच्यावरून एखाद्या व्यक्तीला ‘पक्षपाती’ ठरवणे चुकीचे आहे.

खऱ्या भरतीत काय घडते, हे अर्जांच्या प्रयोगांतून जास्त स्पष्ट दिसते. मारियान बर्ट्रांड व सेंधिल मुल्लैनाथन यांनी बोस्टन आणि शिकागोमधील जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त फोन आले. भारतात सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींवर असाच प्रयोग केला आणि २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला होकार मिळण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश निघाले. २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात १२७ विज्ञान प्राध्यापकांनी प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकपदाचा एकच अर्ज वाचला. काहींना तो ‘जॉन’चा म्हणून मिळाला, काहींना ‘जेनिफर’चा. जॉनला देऊ केलेला सरासरी वार्षिक पगार ३०,२३८ डॉलर, जेनिफरला २६,५०८. परीक्षक स्त्री असो वा पुरुष, कल तोच राहिला.

मुलाखतीच्या खोलीत हे कसे घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. उमेदवार आत येतो. पॅनेलमधल्या एकाला त्याच्या कॉलेजचे नाव ओळखीचे निघते. “अरे, तूही तिथलाच का?” पहिली चार मिनिटे त्या आठवणींत जातात, उमेदवाराचे खांदे सैल होतात, पुढची उत्तरे मोकळी येतात. नंतर आलेल्या मुलीला कुणी काही विचारत नाही, थेट पहिला प्रश्न येतो. ती मोजके, अचूक बोलते. ती बाहेर गेल्यावर सर्वांत वरिष्ठ माणूस आधी बोलतो, “तो जरा जास्त फिट वाटतो नाही?” आणि मग बाकीचे गुणपत्रिका भरतात. इथे कुणी कुणाचा अपमान केलेला नाही. विचारले तर प्रत्येकजण सांगेल की निवड गुणवत्तेवरच झाली, आणि ते त्याला खरेही वाटत असेल.

‘गुणवत्ता’ हा शब्दच ऐनवेळी वाकतो, ही या विषयातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे. एरिक उलमन व जेफ्री कोहेन यांनी २००५ साली लोकांना पोलिसप्रमुखपदासाठी उमेदवार निवडायला सांगितले. उमेदवारांत पुरुषही होते, स्त्रियाही. एकाकडे रस्त्यावरचा अनुभव, दुसऱ्याकडे औपचारिक शिक्षण. पुरुष उमेदवार शिकलेला असला की निवडणाऱ्यांना शिक्षण मोलाचे वाटे. तो शिकलेला नसला की शिक्षणाचे वजन उतरे. मात्र उमेदवार पाहण्याआधीच निकष ठरवून घेतले, तेव्हा हा पक्षपात नाहीसा झाला. आधी निकष, मग नावे. क्रम एवढाच बदलला होता.

संस्थांनी सहसा वेगळा मार्ग धरला आहे, तो म्हणजे प्रशिक्षणाचा. २९ मे २०१८ रोजी स्टारबक्स या कॉफी कंपनीने अमेरिकेतली ८,००० हून अधिक दुकाने दुपारपासून बंद ठेवून कर्मचाऱ्यांना असे प्रशिक्षण दिले. फिलाडेल्फियातील दुकानात दोन कृष्णवर्णीय पुरुषांना झालेली अटक हे त्याचे निमित्त होते. अशा वर्गांनी जाणीव होते, बोलायला शब्द मिळतात. पण कॅल्विन लाय व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये नऊ उपाय तपासले, तेव्हा मनातल्या कलावरचा परिणाम काही तासांत किंवा दिवसांत ओसरलेला दिसला. २०१९ मध्ये ४९२ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून असेही दिसले, की चाचणीतले गुण बदलले म्हणून वागणे बदलतेच असे नाही. समाजशास्त्रज्ञ फ्रँक डॉबिन व अलेक्झांड्रा कालेव यांच्या मते सक्तीच्या प्रशिक्षणाने व्यवस्थापक उलट चिडतात. विविधतेची जबाबदारी नेमून देणे आणि मार्गदर्शक जोडून देणे जास्त उपयोगी पडते. ब्रिटन सरकारने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या नागरी सेवेतले हे प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे जाहीर केले. प्रशिक्षण निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. पण वर्षातून एकदा दोन तास स्लाइड दाखवून बाकी सगळे जसेच्या तसे ठेवणे ही ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांची फसवणूक आहे.

निर्णयाची पद्धत बदलणारे उपाय जास्त टिकतात. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे, प्रत्येक उत्तराला लगेच गुण द्यायचे आणि प्रत्येकाने आपले गुण लिहून झाल्याशिवाय चर्चा सुरू करायची नाही, अशी रचनाबद्ध मुलाखत पुढच्या कामाचा अंदाज गप्पावजा मुलाखतीपेक्षा चांगला देते, हे अनेक दशकांच्या संशोधनातून दिसले आहे. ती रुक्ष वाटते अशी तक्रार येते. ती थोडी खरीही आहे, पण रुक्षपणा निदान सर्वांच्या वाट्याला सारखा येतो.

नाव झाकण्याचा उपाय मात्र सरसकट लागू पडत नाही. अमेरिकेतील पाच मोठ्या वाद्यवृंदांत १९७० साली स्त्रिया ५ टक्क्यांहून कमी होत्या. पुढे वादकाची परीक्षा पडद्याआड घेण्याची रीत पसरली. बुटांच्या टाचांवरून ओळख पटू नये म्हणून काही ठिकाणी गालिचाही अंथरत. क्लॉडिया गोल्डिन व सिसिलिया राउझ यांनी २००० साली या पडद्याचा स्त्रियांना फायदा झाल्याचे मांडले. त्यातील आकडेवारी कितपत ठाम आहे, यावर नंतर प्रश्नही उठले. फ्रान्समध्ये निनावी अर्जांचा प्रयोग झाला तेव्हा तर स्थलांतरित पार्श्वभूमीच्या उमेदवारांची संधी घटली. प्रयोगात स्वेच्छेने उतरलेल्या कंपन्या आधीच त्यांना अनुकूल होत्या, आणि नाव-पत्ता झाकल्यावर अर्जातली मोकळी वर्षे समजून घेण्याचा संदर्भही गेला. यंत्राकडे निवड सोपवूनही सुटका होत नाही. ॲमेझॉनमध्ये जुन्या अर्जांवर शिकवलेली एक छाननी-प्रणाली स्त्रियांच्या अर्जांना कमी लेखत असल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. कंपनीने ती आधीच सोडून दिली होती. जुन्या निवडींमधला कल यंत्राने नियम समजून उचलला होता.

भरतीनंतरचे दिवस मोजायला अवघड, पण समावेशकता तिथेच ठरते. मिटिंगमध्ये एकीने मांडलेली सूचना हवेत विरते आणि दहा मिनिटांनी तीच सूचना दुसऱ्याने मांडल्यावर “हे छान आहे” म्हणून फळ्यावर चढते. मिनिट्स कोण लिहितो, निरोप समारंभाची वर्गणी कोण गोळा करतो, मोठ्या ग्राहकासमोर कोण उभे राहते, हे सहा महिने नुसते टिपून ठेवले तरी चित्र स्वच्छ दिसते. अप्रेझलमध्ये ‘तडफदार’ आणि ‘भांडखोर’ हे दोन शब्द बरेचदा एकाच वागण्यासाठी वापरले जातात. कुणासाठी कोणता, एवढाच फरक. त्यामुळे प्रत्येक शेऱ्याखाली घडलेला प्रसंग लिहिण्याची अट घालणे हा बिनखर्चाचा आणि परिणामकारक उपाय आहे. कामे पाळीपाळीने वाटणे आणि सूचना कुणाची होती त्याचे नाव घेऊन पुढे बोलणे हेही त्याच जातीचे.

हे सगळे चालते ते चूक दाखवणाऱ्याला दंड होत नसेल तरच. एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये ५१ कार्यगटांच्या अभ्यासातून मानसिक सुरक्षिततेची कल्पना मांडली: प्रश्न विचारला, चूक कबूल केली तर आपल्याला कमी लेखले जाणार नाही, असा गटातला सामायिक विश्वास. पूर्वग्रहाच्या बाबतीत या विश्वासाची खरी परीक्षा साहेबापाशी होते. “सर, तुम्ही तिला मध्येच तोडलंत,” असे सर्वांत नवा माणूस भर बैठकीत म्हणतो आणि खोली गप्प होते. सर “माझा तसा हेतू नव्हता” म्हणून खुलासा देऊ लागले तर तो पुन्हा तोंड उघडणार नाही. “हो, तोडलं. तू बोल गं, तुझं राहिलं होतं,” असे म्हणून त्यांनी तिच्याकडे पाहिले तर बैठक पुढे सरकते आणि पुढच्या वेळी आणखी कुणीतरी बोलते.