मोटार मेकॅनिक : प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र (भारत)

भारतात मोटार मेकॅनिकचे काम करायला कोणताही वैयक्तिक परवाना लागत नाही. गॅरेजात हेल्पर म्हणून लागायचे, पाने उचलून देता देता हात बसवायचा आणि काही वर्षांनी मिस्त्री व्हायचे, ही वाट आजही चालू आहे. कंपन्यांची अधिकृत सर्व्हिस सेंटर, एसटीच्या कार्यशाळा आणि सरकारी भरती मात्र प्रमाणपत्र मागतात. त्यासाठीचा सरळ मार्ग म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतला (आयटीआय) 'मेकॅनिक मोटर व्हेइकल' हा व्यवसाय (ट्रेड).

हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. प्रवेशासाठी गणित व विज्ञानासह दहावी उत्तीर्ण असावे लागते. 2022 च्या सुधारित आराखड्यात वर्षाला 1,200 तास धरले असून त्यांपैकी 840 तास प्रात्यक्षिकाचे आहेत. शिवाय दर वर्षी 150 तास प्रत्यक्ष उद्योगात काम किंवा गटप्रकल्प असतो. 'मेकॅनिक डिझेल' हा शेजारचा व्यवसाय एका वर्षाचा आहे, पण त्याचा भर इंजिनावर असतो. पूर्ण गाडी शिकायची असेल तर दोन वर्षेच द्यावीत.

सुरुवातीला गाडी हाताला लागत नाही. वाइसमध्ये लोखंडी पट्टी पकडून कानस चालवायची असते आणि इथेच बरीच मुले कंटाळतात. कानस पुढे ढकलताना हात वरखाली झाला की कडा जास्त घासल्या जातात आणि पृष्ठभाग मधे फुगतो. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) टेकवून उजेडासमोर धरला की दोन्ही कडांखालून फट दिसते. हा कंटाळवाणा जॉब पुढे कामाला येतो. सिलिंडर हेड सपाट आहे का, हे सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) पाहताना हीच नजर लागते.

खरा कस मापनात लागतो. व्हर्नियर 0.02 मिमीपर्यंत वाचतो, साधा मायक्रोमीटर 0.01 मिमीपर्यंत. मायक्रोमीटरची नेहमीची चूक अर्ध्या मिलिमीटरची असते. स्लीव्हवर (स्थिर नळीवर) 44 ची रेघ दिसते, तिच्यापुढची अर्ध्याची रेघही उघडी झालेली असते आणि थिंबलवर (फिरणाऱ्या नळीवर) 37 असते. वाचन 44.87 मिमी, पण अर्ध्याची रेघ नजरेतून सुटली की वहीत 44.37 लिहिले जाते. क्रँकशाफ्टचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) असे मोजले तर ते अर्धा मिलिमीटर झिजल्यासारखे दिसते. घासून बारीक केलेल्या जर्नलसाठीची अंडरसाइज बेअरिंग साधारण 0.25 आणि 0.50 मिमीच्या टप्प्यांत मिळतात, म्हणजे या एका चुकीने चांगला क्रँक विनाकारण ग्राइंडिंगला जातो.

सिलिंडरचा आतला व्यास (बोअर) मोजणाऱ्या बोअर गेजचेही तसेच. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर मोजायचा आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या रेषेत एकदा, तिला काटकोनात एकदा. एकाच उंचीवरच्या दोन मापांतला फरक म्हणजे लंबगोलपणा, वर-खालचा फरक म्हणजे टेपर. झीज सर्वांत जास्त वरच्या रिंगच्या थांब्याजवळ होते. तिथे पिस्टन क्षणभर थांबतो, तेलाचा थर तुटतो आणि जळत्या वायूचा दाब रिंगला भिंतीवर रेटतो. त्या जागेच्या वर न झिजलेल्या धातूचा काठ उरतो. बोअर न मोजता, काठ न काढता नुसत्या नव्या रिंगा टाकल्या तर वरची रिंग त्या काठावर आपटून तुटू शकते आणि लंबगोल बोअरमध्ये रिंग नीट न बसल्याने निळा धूर पुन्हा सुरू होतो. हे कारण ज्याला समजले तो गेज कपाटात ठेवत नाही.

टॉर्क पाना हा दुसरा महत्त्वाचा धडा. हेडचे बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळायचे. एका टोकापासून आवळत गेल्यास हेड वाकडे बसते आणि गॅस्केट फुंकते. अनेक इंजिनांत ठरावीक टॉर्कनंतर बोल्ट ठरावीक कोनात फिरवायचा असतो. असे बोल्ट ताणले जातात, म्हणून मॅन्युअलने सांगितले असेल तिथे ते बदलावेच लागतात. ब्लॉकमधल्या बंद भोकात तेल साचले असेल तर ते आधी पुसून काढावे. तेल दबत नाही, बोल्ट खाली जाताना त्याच्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 ही प्रदूषण मानके लागू झाल्यावर गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर रोजच्या कामाचा झाला. त्याचा कोड म्हणजे निदान नव्हे. पी0171 इतकेच सांगतो की मिश्रणात हवा जास्त किंवा इंधन कमी आहे. इनटेकची फुटकी नळी, मळलेला हवाप्रवाह सेन्सर, कमी इंधनदाब यांपैकी काहीही कारण असू शकते. नवशिका थेट ऑक्सिजन सेन्सर बदलतो, ग्राहकाचे पैसे जातात आणि दिवा परत लागतो.

वर्षाच्या शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा असते. प्रात्यक्षिकात किमान 60 टक्के, लेखी विषयांत 33 टक्के गुण लागतात. उत्तीर्णांना राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. अर्जातले नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावी. एका अक्षराचा फरक पुढे शिकाऊ उमेदवारीच्या नोंदणीत आणि भरतीच्या कागदपत्र तपासणीत अडतो, आणि दुरुस्तीला फार वेळ जातो.

प्रमाणपत्र हाती आले की शिकाऊ उमेदवारी करावीच. 1961 च्या अधिनियमानुसार आस्थापनेशी करार होतो, विद्यावेतन मिळते आणि शेवटी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. आयटीआयमधले इंजिन अनेकदा उघडलेले, स्वच्छ असते. गंजून अडकलेला बोल्ट, चिखलाने भरलेले सस्पेन्शन, अधूनमधूनच येणारा बिघाड हे डेपोतच भेटतात.

गॅरेजातच शिकलेल्यांसाठी पूर्वशिक्षण मान्यतेची (आरपीएल) सोय आहे. वाहन क्षेत्रातील मानके आणि मूल्यांकन ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिलच्या चौकटीत होते. असलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र मिळते, पण मापनाची आणि विजेची उणीव त्याने भरत नाही. ती वेगळी भरावी लागते.

विद्युत वाहनांसाठी 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल' हा स्वतंत्र दोन वर्षांचा व्यवसाय आहे. जुन्या मेकॅनिकनेही उच्च विद्युतदाबाचे वेगळे प्रशिक्षण घेतल्याशिवाय त्या दाबाच्या नारिंगी केबलला हात लावू नये. आधी वाहन बंद करून सर्व्हिस प्लग (बॅटरीचा उच्चदाब तोडणारा प्लग) काढायचा, तो स्वतःजवळ ठेवायचा, कपॅसिटर रिकामे होण्यासाठी मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचे आणि मगच मोजायचे. मीटर आधी माहीत असलेल्या चालू स्रोतावर तपासावा, मग केबलवर शून्य दिसते का पाहावे, आणि लगेच पुन्हा त्याच स्रोतावर. मीटरच बिघडलेला असेल तर तोही शून्यच दाखवतो.

दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना पदविका अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. शिकवायचे असेल तर निदेशकांसाठीचे वेगळे प्रशिक्षण आहे. संस्था निवडताना इमारत पाहू नये, कार्यशाळेत जावे. चालू स्थितीतली इंजिने किती आहेत आणि मायक्रोमीटर वापराने गुळगुळीत झालेत की डब्यात नवेकोरे पडलेत, एवढे पाहिले तरी निवड करता येते.