पार्श्वभूमी: गारफील्डच्या नोंदी कुणी ठेवल्या?

पेंडलटन हे अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं छोटं गाव. तिथल्या ‘पेंडलटन टाइम्स’ या साप्ताहिकात १९७०च्या दशकात एक कॉमिक स्ट्रिप छापून येत असे. २०१९ मध्ये एका तरुण यूट्यूबरने गावच्या सार्वजनिक वाचनालयाशी आणि इंडियाना राज्य ग्रंथालयाशी संपर्क साधला. जुन्या अंकांच्या मायक्रोफिल्ममधून ही स्ट्रिप एकेक करत बाहेर आली. तिचं नाव ‘जॉन’. त्यात जॉन नावाचा एक व्यंगचित्रकार होता आणि त्याच्यासोबत एक जाडजूड, मिजासखोर मांजर. आज हे मांजर सगळं जग गारफील्ड म्हणून ओळखतं.

गारफील्डचा जन्म १९ जून १९७८ चा, असं तोवर सगळीकडे लिहिलेलं होतं. ‘जॉन’ मात्र ८ जानेवारी १९७६ ला सुरू झाली होती. म्हणजे जवळजवळ अडीच वर्षांचा अख्खा तुकडा लोकांच्या नजरेआड राहिला होता. कुणी लपवला म्हणून नव्हे, तर कुणी शोधलाच नव्हता म्हणून. गारफील्ड हा कोट्यवधी डॉलरचा धंदा आहे, त्याच्यामागे कंपनी आहे, वकील आहेत, करारमदार आहेत. तरीही त्याचा बराचसा इतिहास आज आपल्यासमोर आहे तो चाहत्यांनी फुकट केलेल्या कामामुळे.

निर्माते जिम डेव्हिस यांचा जन्म १९४५ चा, गाव मॅरियन. लहानपण गेलं फेअरमाउंटजवळच्या शेतावर. त्या शेतावर पंचवीस मांजरं होती. दम्यामुळे मुलाला घराबाहेर फारसं पडता येत नसे, आणि कागद-पेन्सिल हाच त्याचा विरंगुळा झाला. मन्सी इथल्या बॉल स्टेट विद्यापीठात शिक्षण, मग जाहिरातीची नोकरी, आणि १९६९ पासून ‘टंबलवीड्स’ या स्ट्रिपचे कर्ते टॉम रायन यांच्याकडे सहायकाचं काम. उमेदवारीच्या त्या काळातच त्यांनी ‘नॉर्म नॅट’ नावाची स्ट्रिप काढली. नायक होता एक चिलट! हीसुद्धा पेंडलटन टाइम्समध्येच येत असे. डेव्हिस स्वतः सांगतात त्याप्रमाणे, एका संपादकाने त्यांना स्वच्छ सुनावलं की चित्रं चांगली आहेत, विनोदही चांगले आहेत, पण किड्यामकोड्यांत कुणाचा जीव गुंतणार?

मग त्यांनी आजूबाजूच्या स्ट्रिप्स नीट पाहिल्या. कुत्रे भरपूर होते, मांजर फारसं नव्हतं. ‘पीनट्स’ स्ट्रिपमधल्या स्नूपी या कुत्र्याच्या चित्रांच्या वस्तू किती खपतात हेही त्यांना दिसत होतं. खपेल असं पात्र आपण जाणूनबुजून घडवलं, हे डेव्हिस यांनी कधी लपवलं नाही. राजकारण नको, ताज्या घडामोडी नकोत, शब्दांचे खेळ कमीत कमी. खाणं आणि झोपणं हे दोनच विषय, कारण ते प्रत्येक देशात समजतात. मांजराला नाव दिलं आजोबांचं: जेम्स ए. गारफील्ड डेव्हिस. मालकाचं आर्बकल हे आडनाव कॉफीच्या एका जुन्या जाहिरातीतून उचललेलं.

वृत्तपत्रांना स्ट्रिप्स पुरवणाऱ्या युनायटेड फीचर सिंडिकेटने ती घेतली आणि ४१ वृत्तपत्रांत ती सुरू झाली. पहिल्या दिवशीच्या तीन चौकटी पाहा. जॉन चित्रकलेच्या टेबलाशी बसलेला. तो सांगतो, मी जॉन आर्बकल, व्यंगचित्रकार, आणि हे माझं मांजर गारफील्ड. दुसऱ्या चौकटीत मांजर म्हणतं, मी गारफील्ड, मी मांजर आहे, आणि हा माझा व्यंगचित्रकार जॉन. तिसऱ्यात जॉन वाचकांना सांगतो, तुमचं मनोरंजन हाच आमचा एकमेव विचार. मांजराचा विचार वेगळा असतो: मला खायला घाल. पुढच्या साडेचार दशकांचा सगळा ऐवज या तीन चौकटींत आहे. फक्त त्यातलं मांजर आजच्या नजरेला ओळखू येत नाही. बारीक डोळे, लोंबते गाल, अवाढव्य धड, चार पायांवर चालणारं. पुढे डोळे मोठे होत गेले, धड आटलं आणि ते दोन पायांवर उभं राहिलं. यातला एक बदल खुद्द स्नूपीचे निर्माते चार्ल्स शुल्झ यांनी सुचवला. पहिल्या टीव्ही कार्यक्रमाचं काम चाललं असताना गारफील्डला दोन पायांवर तोलता येईना. मांजराच्या इवल्याशा पावलांवर हा देह कसा उभा राहणार, असं म्हणत शुल्झ यांनी त्याला माणसासारखी मोठी पावलं काढून दिली. कोणत्या वर्षी पावलं किती वाढली, डोळे केव्हा एकमेकांना चिकटले, हे चाहत्यांनी स्ट्रिप्स शेजारी शेजारी ठेवून दाखवलेलं आहे.

चाहते या गोष्टीत फार आधी शिरले, इंटरनेटचा मागमूसही नव्हता तेव्हा. शिकागो सन-टाइम्सने काही काळ चालवून पाहून गारफील्ड बंद केला. त्यावर सुमारे तेराशे वाचकांनी तक्रारी केल्या आणि वृत्तपत्राला तो परत आणावा लागला. माझ्या मते गारफील्डच्या इतिहासातली ही सगळ्यात निर्णायक घटना आहे. ते तेराशे लोक गप्प बसले असते, तर बाकीच्या संपादकांनीही कदाचित तोच कित्ता गिरवला असता.

पुढची चढण सांगायला फार वेळ नको. १९८० मध्ये पहिलं पुस्तक आलं, ‘गारफील्ड ॲट लार्ज’. त्याचा आडवा आकार रोजच्या स्ट्रिपला इतका साजेसा होता की तो पुढे रूढच झाला. १९८१ मध्ये डेव्हिस यांनी गारफील्डचा कारभार पाहणारी पॉज ही कंपनी काढली. १९८२ मध्ये गारफील्डची सात पुस्तकं एकाच वेळी न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत होती. ‘गारफील्ड अँड फ्रेंड्स’ ही मालिका १९८८ ते १९९४ चालली. २००२ मध्ये गिनेसने सर्वाधिक वृत्तपत्रांत छापली जाणारी स्ट्रिप म्हणून नोंद केली: २,५७० वृत्तपत्रं, २६ कोटी ३० लाख वाचक. चित्रपट आले, गेले. २०१९ मध्ये व्हायकॉम या माध्यम कंपनीने पॉज विकत घेतली.

आता लायमनकडे येतो, कारण चाहत्यांची खरी चिकाटी तिथे दिसते.

लायमन हा मिशीवाला तरुण ऑगस्ट १९७८ मध्ये जॉनच्या घरी राहायला आला. त्याच्यासोबत आला ओडी. आज ओडी हा जॉनचाच कुत्रा असं सगळे समजतात, पण तो मुळात लायमनचा. जॉनला बोलायला कुणीतरी हवं म्हणून डेव्हिस यांनी हे पात्र आणलं होतं. हळूहळू जॉन आणि गारफील्ड यांचंच संभाषण जमत गेलं, गारफील्ड तोंड न उघडता नुसता विचार करत असला तरी. लायमनला काम उरलं नाही. २४ एप्रिल १९८३ नंतर तो नेहमीच्या स्ट्रिपमधून नाहीसा झाला. निरोप नाही, सामानसुमान बांधणं नाही, कुणाच्या तोंडून एक उल्लेख नाही. कुत्रा मात्र तिथेच राहिला.

रोज सकाळी चहासोबत एक स्ट्रिप वाचून पान उलटणाऱ्याला हे कळणं शक्यच नव्हतं. दररोज तीन चौकटी येतात आणि दुसऱ्या दिवशी त्या कागदात भजी बांधली जातात. एखादं पात्र शेवटचं केव्हा दिसलं हे कळायला कुणाला तरी सगळे दिवस ओळीने लावून पाहावे लागतात. चाहत्यांनी ते केलं. लायमनच्या स्ट्रिप्स मोजल्या, १९८८ च्या दहाव्या वाढदिवसाच्या स्ट्रिपमध्ये तो क्षणभर पुन्हा डोकावतो हेही टिपलं. लायमन गेला कुठे, हा प्रश्न डेव्हिस यांना इतक्यांदा विचारला गेला की त्यांनी गमतीत उत्तर दिलं, जॉनच्या तळघरात बघू नका. मग गारफील्डच्या संकेतस्थळावरच्या एका भुताटकीच्या खेळात लायमन खरोखरच तळघरात सापडला! आणि २०१२ मध्ये ‘द गारफील्ड शो’ या मालिकेत त्याच्या शोधाची आख्खी कथा झाली. कुणीही पुसून न टाकता आपोआप पुसलं गेलेलं एक पात्र केवळ वाचकांच्या आठवणीमुळे परत आलं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

तारखा लावून ठेवण्याच्या या सवयीतून आणखीही बरंच हाती लागलं. पशुवैद्य लिझ जून १९७९ मध्ये पहिल्यांदा आली आणि जॉन तिच्या मागे लागला. तिने त्याचं चुंबन घेतलं २८ जुलै २००६ ला. सत्तावीस वर्षं लागली, आणि तो दिवस डेव्हिस यांच्या वाढदिवसाचा होता.

ऑक्टोबर १९८९ मधला हॅलोविनचा आठवडा तर चाहत्यांनी अक्षरशः चौकट चौकट वाचला आहे. २३ ते २८ ऑक्टोबर, सहा दिवस. गारफील्ड थंडीने जागा होतो. घर ओस पडलेलं आहे, कित्येक वर्षं इथे कुणी राहत नाही हे त्याला उमगतं. जॉन आणि ओडी दिसतात, पुढ्यात खाणं येतं आणि सगळं विरून जातं. शेवटी, हे खरं नाही असं जीव तोडून म्हटल्यावर जॉन परत दिसतो आणि गारफील्ड त्याला मिठी मारतो. यात विनोद नाहीच. यावरून एक तर्क पसरला: गारफील्ड त्या घरात उपासाने मरतो आहे आणि त्यानंतरच्या सगळ्या स्ट्रिप्स हे त्याचे भास आहेत. डेव्हिस यांना हे ऐकून हसू आलं. माणसाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, असं त्यांनी लोकांना विचारलं होतं आणि उत्तर मिळालं होतं एकटेपणाची, त्यातून हा आठवडा झाला. तर्क मलाही पटत नाही. पण तो मांडणाऱ्यांनी लोकांना ते सहा दिवस पुन्हा वाचायला लावले, हे मी त्यांच्या पदरात घालीन.

२००८ मध्ये डब्लिनच्या एका चाहत्याने वेगळंच केलं. स्ट्रिपमधून गारफील्ड पूर्ण खोडून टाकला. उरला तो रिकाम्या खोलीत स्वतःशी बडबडणारा, भिंतीकडे बघत थांबणारा जॉन. ‘गारफील्ड मायनस गारफील्ड’ या नावाने हे गाजलं. जॉनला मांजराचे विचार ऐकू येत नसतील, तर त्याच्या बाजूने घर असंच दिसणार, हे त्या कोऱ्या जागेने दाखवून दिलं. दुसऱ्या एखाद्या हक्कधारकाने नोटीस धाडली असती. डेव्हिस यांना ते आवडलं आणि त्यांच्या संमतीने त्याचं पुस्तकही निघालं.

नोंदींवरून भांडणंही झाली. २०१७ च्या फेब्रुवारीत विकिपीडियावर गारफील्ड नर की मादी की यातलं काहीच नाही, यावर सुमारे साठ तास ओढाताण चालली. डेव्हिस यांनी आधी एका मुलाखतीत, मांजर सगळ्यांना आपलं वाटतं कारण ते ठरावीक लिंगाचं वा वंशाचं नाही, अशा आशयाचं विधान केलं होतं. त्याचा आधार घेऊन कुणीतरी नोंद बदलली, दुसऱ्याने परत बदलली, शेवटी पानाला कुलूप लागलं. अखेर डेव्हिस यांनीच सांगितलं की गारफील्ड नर आहे, त्याला आर्लीन नावाची मैत्रीण आहे. वरवर हा पोरखेळ वाटेल, पण निर्मात्याचं एक वाक्य वजनदार की चाळीस वर्षांच्या स्ट्रिप्स, हा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येकापुढचा खरा प्रश्न आहे. माझं मत स्ट्रिप्सच्या बाजूने.

जपून ठेवण्याचं हे काम कागदापुरतंच राहिलं नाही. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर १९८०च्या दशकापासून गारफील्डच्या आकाराच्या नारिंगी टेलिफोनचे तुकडे वाहून येत होते. कुठून येतात हे कोडंच होतं. स्वच्छता करणारे स्वयंसेवक ते वेचून ठेवत राहिले. २०१९ मध्ये हा शोध माध्यमांत पोचला, तेव्हा एका स्थानिक शेतकऱ्याला जुन्या वादळानंतरची एक गुहा आठवली, फक्त ओहोटीलाच जाता येईल अशी. खडकांत अडकलेले त्या टेलिफोनच्या कंटेनरचे अवशेष तिथेच होते.

१९७८ ते २०११ या काळात गारफील्ड कागदावर काढला जात होता, त्यानंतर तो संगणकावर गेला. कागदावरच्या अकरा हजारांहून अधिक मूळ स्ट्रिप्स आता लिलावातून हळूहळू जगभर पांगत आहेत. गारफील्डचं जुनं संकेतस्थळही २०२० मध्ये बंद झालं, त्याचा पत्ता थेट व्हायकॉमच्या निकलोडियन या वाहिनीकडे नेऊ लागला. त्यामुळे दिवसांची यादी सांभाळण्यात चाहत्यांचा वाटा पुन्हा मोठा झाला आहे.

दरवर्षी १९ जूनच्या सुमारास स्ट्रिपमध्ये गारफील्डचा वाढदिवस येतो, वय वाढल्याची कुरकुर असते, केक असतो. पेंडलटनच्या फिल्म बाहेर आल्यापासून मी ८ जानेवारीची तारीखही लिहून ठेवली आहे.