मुंग्यांमुळे गुप्तरोग होतो का? आणि आम्ही यायच्या आधी कपाटात फवारा का मारू नये

आतल्या कपड्यांना मुंग्या लागल्या की आम्हा पेस्ट कंट्रोलवाल्यांना येणारा फोन बहुतेक वेळा दबक्या आवाजातला असतो. प्रश्न ठरलेला: या मुंग्या एकाच्या कपड्यांवरून दुसऱ्याच्या कपड्यांवर गेल्या तर गुप्तरोग पसरेल का? नाही पसरणार. त्या भीतीने घाईघाईत जे केलं जातं, त्याचाच त्रास जास्त होतो. म्हणून हे पत्रक.

परम्याचे, म्हणजे गनोरियाचे जंतू कोरडे पडले की मरतात. गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा जंतू शरीराबाहेर फारच नाजूक असतो. प्रयोगशाळेतल्या साध्या बशीतही तो वाढवता येत नाही. क्लॅमिडिया या आणखी एका गुप्तरोगाच्या जंतूला वाढायला जिवंत पेशीच लागते. एचआयव्ही कीटकाच्या अंगात वाढत नाही, त्यामुळे रक्त पिणाऱ्या डासाकडूनही तो पसरत नाही. मुंगी तर डासासारखी अंगातलं रक्त शोषतही नाही. मुंगीच्या पायाला चिकटलेला कण चालता चालता सुकतो, आणि ती दर थोड्या वेळाने पाय नि मिशा साफ करत असते. हे रोग लागतात ते मुख्यतः शरीरसंबंधातून. काही रक्तातून, काही आईकडून बाळाला.

मुंग्या अगदी निर्धोक आहेत, असं मात्र आम्ही सांगणार नाही. फारो मुंगी, म्हणजे स्वयंपाकघरात दिसणारी 2 मिलिमीटरची पिवळसर मुंगी, रुग्णालयांत जखमेच्या पट्ट्यांपर्यंत पोचते आणि पू करणारे, जुलाब करणारे जंतू अंगावर वाहून नेते. इंग्लंडमधल्या रुग्णालयांतलं हे निरीक्षण 1972 मध्येच छापून आलं आहे. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, लघवीची नळी किंवा पाठीला जखम असेल, तर फोनवर आधी ते सांगा. असं घर आम्ही रांगेत पुढे घेतो.

मग मुंग्या त्याच कपड्यांना का लागतात? घामातलं मीठ, ओल, पांढरं जाणं, पाळीचं रक्त, वीर्य या सगळ्यांत त्यांना खाद्य मिळतं. निरोगी बाईलाही थोडं पांढरं जातंच. त्यामुळे मुंग्या लागल्या म्हणजे रोग आहे असं नाही, आणि नवऱ्याने बायकोवर किंवा बायकोने नवऱ्यावर संशय घ्यावा असं तर त्यात काहीच नाही. लघवीच्या जागी पुन्हा पुन्हा मुंग्या जमत असतील तर रक्तातली साखर तपासून घ्या. साखर साधारण 180 च्या वर गेली की ती लघवीतून उतरू लागते. प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहासारख्या लघवीच्या विकारांच्या, आधीच्या खुणांमध्ये लघवीला मुंग्या लागणं ही खूण चरकसंहितेतही दिली आहे. पण मुंग्या साध्या लघवीलाही येतात, तेव्हा निदान तपासणीनेच होतं.

एक किडा मात्र खरोखर शरीरसंबंधातून पसरतो: जांघेतली ऊ. ती 1 ते 2 मिलिमीटरची, चपटी, खेकड्यासारखी असते, केसाला घट्ट धरून बसते आणि भयंकर खाज आणते. रांगेने चालते ती मुंगी, केसाला चिकटून बसते ती ऊ. उवेवर आमच्याकडे उपाय नाही, त्वचेच्या डॉक्टरांकडे आहे.

आता आमचं मुख्य सांगणं. मुंग्या दिसल्या की घरोघरी कपाटात फवारा मारतात, कप्प्याला मुंगीखडूच्या रेघा ओढतात, कपड्यांवर बोरिक पावडर भुरभुरतात. यातून दोन गोष्टी बिघडतात. पहिली अंगाची. खडूत आणि फवाऱ्यात पायरेथ्रॉइड जातीचं विष असतं. ते चड्डीच्या शिवणीत बसलं की नाजूक कातडीची आग होते, खाज सुटते, पुरळ येतं, आणि मग तेच पुरळ पाहून "मुंगीने रोग दिला" म्हणून घरात घबराट उडते. असे कपडे साबणाने दोनदा धुऊन, खळखळून विसळून, कडक उन्हात वाळवल्याशिवाय घालू नका.

दुसरी गोष्ट कामाची. फारो मुंग्यांच्या एका वसाहतीत राण्या अनेक असतात. फवाऱ्याने समोरच्या मुंग्या मरतात, पण उरलेल्या मुंग्या राण्या आणि अंडी घेऊन पांगतात; एका घरट्याची तीन-चार घरटी होतात. बाथरूममधली रांग आठवड्याभराने स्वयंपाकघराच्या स्विचबोर्डमधून निघते. शिवाय फवारलेल्या जागी आमचं जेल, म्हणजे विष घातलेलं खाद्य, मुंगी शिवतही नाही. एका फेरीचं काम तीन फेऱ्यांवर जातं ते यामुळेच. म्हणून आम्ही यायच्या आधी निदान 48 तास फवारा, खडू, फिनेल यांतलं काही वापरू नका. रांग पुसूही नका. ती कुठून निघते आणि कुठे शिरते, हे पाहूनच आम्ही काम करतो.

आल्यावर आम्ही रांगेजवळ दोन पुठ्ठे ठेवतो: एकावर गुळाच्या पाण्याचा थेंब, दुसऱ्यावर तेलात कालवलेलं शेंगदाण्याचं कूट. अर्ध्या तासात कळतं त्यांना काय हवं आहे. आतल्या कपड्यांवर येणाऱ्या मुंग्या पुष्कळदा प्रथिनांच्या शोधात असतात. अशा वेळी नुसतं गोड जेल लावलं तर ते तसंच वाळून जातं. खाद्य ठरलं की मुगाच्या दाण्याएवढे ठिपके देतो: चौकटीच्या फटीत, संडासाच्या पाइपाभोवती, कपाटाच्या बिजागरीला बाहेरून. कप्प्याच्या आत कधीच नाही. विष मंद असतं ते मुद्दाम. मुंगी घरट्यात जाऊन तोंडाने तोंडात खाद्य भरवते, तेव्हाच ते राणीपर्यंत जातं. पहिले दोन दिवस मुंग्या वाढलेल्या दिसतील. तेव्हा "औषध लागू पडलं नाही" म्हणून फवारा मारू नका, तिथेच सगळं फुकट जातं. साध्या काळ्या मुंग्या आठवड्यात कमी होतात, फारो मुंगीला 3 आठवडे द्यावे लागतात. पंधराव्या दिवसाची आमची दुसरी फेरी मूळ दरातच धरलेली आहे. मध्ये फवारा मारलेला आढळला तर तिसऱ्या फेरीचे पैसे वेगळे पडतात; जेल नव्याने लावावं लागतं, दुसरा इलाज नसतो.

घरीच करून पाहायचं असेल तर अर्धा लिटर पाण्यात 50 ग्रॅम साखर आणि फक्त 5 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा, कापसाचा बोळा भिजवून झाकणात ठेवा. बोरिक वाढवू नका. वाढवलं तर मुंगी वाटेतच मरते, घरट्यापर्यंत काही जात नाही. लहान मूल किंवा कुत्रं-मांजर घरात असेल तर हा उपाय नकोच.

वापरलेले कपडे रात्रभर बादलीत ओले ठेवू नका. पॅड कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाका. दोरीवरचे कपडे घालण्याआधी झटका. लाल मुंगी चावली तर साबण-पाण्याने धुऊन गार पाण्याची घडी ठेवा. आग सहसा त्याच दिवशी कमी होते. पण न दुखणारा व्रण, लघवीला जळजळ, पू, जांघेत गाठ यांतलं काही असेल तर ते मुंगीवर ढकलून थांबू नका. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये गुप्तरोगांची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, आणि एचआयव्हीबद्दल 1097 या क्रमांकावर फुकट विचारता येतं.

आम्हाला फोन करताना मुंगीचा रंग, दिवसा दिसते की रात्री, आणि शेवटचा फवारा कधी मारला एवढं सांगा. रांगेचा फोटो पाठवलात तर उत्तम. कपड्यांचा पाठवायची गरज नाही.