पार्श्वभूमी : माणशी १५ लिटर पाणी

निर्वासितांच्या छावणीत पाण्याचं काम हाती घेतलं की पहिला आकडा समोर येतो तो हाच : माणशी, रोज, किमान १५ लिटर. एका नळावर २५० पेक्षा जास्त माणसं नकोत, नळ घरापासून ५०० मीटरच्या आत हवा. मदतकार्यातली माझी बरीच वर्षं या आकड्यांत गेली. ते कुणाच्या मरणातून आले, हे कामावर नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना कुणी सांगत नाही, म्हणून हे टिपण.

जुलै १९९४. रवांडातला वंशसंहार संपत असताना काही दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं सीमा ओलांडून झाईरमधल्या, म्हणजे आजच्या काँगोतल्या, गोमा शहराभोवती येऊन पडली. जमीन लाव्ह्याच्या काळ्या दगडाची. संडासाला खड्डा खणता येईना, प्रेतं पुरता येईनात. प्यायला किवू सरोवराचं पाणी, जसं असेल तसं. आधी कॉलरा, पाठोपाठ आव. पहिल्या महिन्यात सुमारे ५० हजार माणसं गेली.

मदतीला जगभरातल्या संस्था धावल्या होत्या. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्राचं पथक तिथे पोचलं तेव्हा त्यांना दिसलं की उपचार केंद्रांत सलाइन योग्य प्रकारचं नाही, तेही फार हळू दिलं जातंय, तोंडाने पाजायचं क्षारपाणी कमी पडतंय आणि कर्मचाऱ्यांनी कॉलरा हाताळलेला नाही.

हे वाचताना माझा जीव तळमळतो, कारण उत्तर गोमाच्या २३ वर्षं आधीच सापडलं होतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांत कॉलरा पसरला, सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते पिंपांत भरून ठेवलं. पाजायचं काम नातेवाइकांनीच केलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरातून चारच्या खाली आलं.

मदत देणारे देश आणि संस्थांनी मिळून केलेल्या १९९६ च्या संयुक्त मूल्यमापनात रवांडाच्या संकटातल्या मदतकार्याचे दोष स्पष्ट मांडले गेले. १९९७ मध्ये स्वयंसेवी संस्था आणि रेडक्रॉस चळवळीने मिळून ‘स्फिअर’ हा किमान निकषांचा प्रकल्प सुरू केला. आज आम्ही जे आकडे वापरतो ते त्या प्रकल्पाच्या हस्तपुस्तिकेतले.

आकडे हवेतच. पण निधी देणाऱ्याला पाठवायच्या अहवालात तेच आकडे रकाने होऊन बसले. एका छावणीत मी मोजणीला होतो. नळावरचं पाणी भागिले डोकी, हिशेब बरोबर १५ लिटर. रांगेत एक बाई उभी होती, कडेवर तान्हं मूल, हातात दहा लिटरचा एकच कॅन, झोपडीत पाच माणसं. दुसरी खेप घालायची तर मूल ठेवायचं कुणाकडे? घरटी दोन भांडी द्यावीत, असंही हस्तपुस्तिकेत लिहिलेलं आहे. नळांचे पैसे आले होते, भांडी पुढच्या खेपेत येणार होती. अहवालात ‘निकष पूर्ण’ असं लिहून गेलं. लिहिणारा मीच होतो.

त्यानंतर मी नळावर मोजायचं सोडलं. संध्याकाळी झोपड्यांत जाऊन भांड्यांत किती पाणी उरलंय ते विचारतो, आणि तोच आकडा लिहितो.