मुक्त स्क्रीन रीडर

मुक्त स्क्रीन रीडर : संगणकाच्या पडद्यावरील मजकूर, बटणे, यादी, रकाने इत्यादी ओळखून ते आवाजात किंवा ब्रेलमध्ये अंध व्यक्तीपर्यंत पोचविणारा आणि ज्याचा सोर्स कोड कोणालाही पाहता, बदलता व वाटता येतो असा प्रोग्रॅम. ‘पडदावाचक’ असा प्रतिशब्द करता येतो, परंतु वापरणारे ‘स्क्रीन रीडर’ असेच म्हणतात. म्हणून तेच नाव येथे योजले आहे. ‘मुक्त’ म्हणजे केवळ फुकट नव्हे. विंडोज २००० पासून नॅरेटर आणि २००५ पासून मॅकवर व्हॉइसओव्हर वेगळे पैसे न देता मिळतात, पण ते या अर्थाने मुक्त नाहीत. हा भेद अंध व्यक्तीच्या दृष्टीने व्यवहाराचा आहे. एखादे अक्षर चुकीचे उच्चारले जात असेल, तर मुक्त प्रोग्रॅममध्ये ते दुरुस्त करायला कंपनीच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही.

उगम : आज सामान्यनाम झालेला हा शब्द आधी एका विशिष्ट प्रोग्रॅमचे नाव होता. आयबीएममधील जिम थॅचर यांनी आपले अंध मार्गदर्शक व सहकारी जेसी राइट यांच्यासह डॉस प्रणालीसाठी ‘स्क्रीन रीडर’ तयार केला. त्याचे वर्ष काही ठिकाणी १९८४, तर काही ठिकाणी १९८६ असे दिले जाते. पहिले बहुधा कंपनीतील वापराचे व दुसरे विक्रीचे असावे. त्यानंतर टेड हेंटर यांच्या कंपनीचा ‘जॉज’ १९८९ मध्ये डॉससाठी व १९९५ मध्ये विंडोजसाठी आला आणि पुढे दोन दशके या क्षेत्रात त्याचेच वर्चस्व राहिले. त्याच्या परवान्याची किंमत दीर्घकाळ हजार डॉलरच्या आसपास होती. भारतात ती संगणकाच्या किमतीपेक्षाही जास्त पडे.

मुक्त सॉफ्टवेअरमधील पहिला स्क्रीन रीडर कोणता, याबद्दल एकमत नाही. तीन नावे पुढे केली जातात आणि तिन्ही लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीशी निगडित आहेत. बीआरएलटीटीवाय हा ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे ठिपके वर-खाली करून अक्षरे बोटांना जाणवून देणाऱ्या यंत्रावर, पडदा दाखविणारा प्रोग्रॅम १९९५ मध्ये सुरू झाला. त्याच्या आरंभीच्या लेखकांत निखिल नायर, निकोला पित्र व स्टेफान द्वायाँ यांची नावे येतात. पुढे तो डेव्ह मिल्के यांनी सांभाळला. कॅनडातील कर्क रायझर यांचा ‘स्पीकअप’ साधारण त्याच दशकातला. तो थेट कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, बसत असल्याने संगणक सुरू होतानाचे संदेशही बोलून दाखवी, मात्र आवाजासाठी त्याला वेगळे यंत्र जोडावे लागे. अधिकृत कर्नेलच्या प्रायोगिक विभागात तो २०१० च्या सुमारास आणि मुख्य भागात २०२० मध्ये आला. तिसरे नाव ‘इमॅक्सस्पीक’चे.

इमॅक्सस्पीकचे कर्ते टी. व्ही. रमण हे पुण्यात वाढलेले. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी, मुंबईच्या आयआयटीतून पुढचे शिक्षण आणि १९९४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची पीएच. डी. असा त्यांचा प्रवास आहे. प्रबंधाचा विषय होता गणिती मजकूर ऐकविणारी ‘ॲस्टर’ ही प्रणाली. तिचे नाव त्यांच्या वाटाड्या कुत्रीच्या नावाशी जुळते. १९९५ मध्ये त्यांनी इमॅक्स या मजकूर-संपादक प्रोग्रॅमला वाचा देणारा इमॅक्सस्पीक प्रसिद्ध केला. तो स्क्रीन रीडर नव्हे, असे स्वतः रमण आग्रहाने मांडत आले आहेत, आणि ‘पहिला कोण’ या वादाचे मूळही तिथेच आहे. त्यांचे कॅलेंडरचे उदाहरण प्रसिद्ध आहे. पडद्यावर महिना चौकटींत मांडलेला असतो. स्क्रीन रीडर ओळ वाचतो, म्हणजे सात आकडे ओळीने म्हणतो; डोळस माणूस मात्र वरच्या वाराकडे नजर टाकून ‘मंगळवार, १६’ असा अर्थ लावतो. इमॅक्सस्पीक पडद्यावरची आकृती वाचत बसत नाही. कॅलेंडरच्या प्रोग्रॅमला आतून विचारून तो वार, तारीख, महिना व वर्ष असे पूर्ण सांगतो. काटेकोर व्याख्या लावली तर पहिलेपणाचा मान बीआरएलटीटीवायकडे जातो. विचाराच्या दृष्टीने मात्र इमॅक्सस्पीकचे स्थान वेगळे आहे, कारण पडदा हे माहितीचे एक रूप आहे, माहिती नव्हे, ही गोष्ट त्याने करून दाखविली. नंतरच्या सर्व सुलभता-प्रणाली थोड्याफार फरकाने त्याच दिशेने गेल्या. रमण यांनी पुढे गूगलमध्ये अँड्रॉइडसाठी ‘आइज-फ्री’ प्रकल्प केला. टॉकबॅक या अँड्रॉइडवरील स्क्रीन रीडरचा जन्म त्यातूनच झाला.

ऑर्का व एनव्हीडीए : लिनक्सच्या ग्नोम या चित्रमय वातावरणासाठी आधी ग्नोपर्निकस होता. त्याची जागा २००६ मध्ये ऑर्काने घेतली. सन मायक्रोसिस्टिम्समधील मार्क मुल्काही या अंध अभियंत्याने त्याचा आराखडा केला होता. जॉज म्हणजे शार्कचा जबडा, त्याआधीचा डॉसवरचा फ्लिपर म्हणजे डॉल्फिन. त्या जलचर परंपरेत ऑर्का हा देवमाशांच्या कुळातला शिकारी येऊन बसला. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलने घेतली आणि तेथील सुलभता-विभाग जवळपास विसर्जित झाला. त्यानंतर ऑर्काचा भार मुख्यतः जोनमारी डिग्ज यांनी वाहिला. जगभरच्या अंध लिनक्स वापरकर्त्यांचे एवढे मोठे साधन इतक्या थोड्या हातांवर उभे असावे, हे या क्षेत्राचे खरे दुखणे आहे.

विंडोजसाठी ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने एप्रिल २००६ मध्ये एनव्हीडीए हा मुक्त स्क्रीन रीडर लिहायला घेतला. अंध मुलांच्या एका संगीत शिबिरात ओळख झालेला मित्र जेम्स तेह पुढे त्यात सामील झाला आणि २००७ मध्ये दोघांनी एनव्ही ॲक्सेस ही ना-नफा संस्था स्थापन केली. डोळस माणसाला जे जास्तीचे पैसे न देता वापरता येते, त्यासाठी अंधाने वेगळे पैसे का मोजावेत, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. प्रोग्रॅमचा बराचसा भाग पायथन भाषेत आहे, तो पेन ड्राइव्हवरून चालतो आणि पन्नासहून अधिक भाषांत त्याचे अनुवाद झाले आहेत. पेन ड्राइव्हची सोय किरकोळ वाटेल, पण सायबर कॅफेत किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दुसऱ्याच्या संगणकावर बसणाऱ्या विद्यार्थ्याला तिचे मोल कळते.

त्याच्या प्रसाराचे माप म्हणून अमेरिकेतील वेबएम संस्थेच्या पाहण्यांचा आधार घेतला जातो. मुख्य स्क्रीन रीडर म्हणून २०१९ मध्ये एनव्हीडीए ४०·६ टक्के व जॉज ४०·१ टक्के असे उत्तर आले. २०२४ मध्ये जॉज ४०·५ व एनव्हीडीए ३७·७ टक्के होता. या पाहण्या स्वेच्छेने उत्तर देणाऱ्यांच्या आहेत आणि त्यांत उत्तर अमेरिकेचा वाटा मोठा आहे. त्यामुळे त्यांवरून भारताविषयी अनुमान काढणे योग्य नाही.

कार्यपद्धती : डॉसच्या काळात पडद्यावरची अक्षरे स्मृतीतून जशीच्या तशी उचलता येत. चित्रमय पडदा आल्यावर अक्षरे केवळ ठिपके बनली. तेव्हा जुन्या व्यापारी स्क्रीन रीडरांनी चित्र काढण्याच्या आज्ञा वाटेतच अडवून पडद्याची एक अदृश्य प्रतिकृती बनविण्याची युक्ती काढली. ती कष्टाची आणि नाजूक होती. एनव्हीडीएने आरंभी हा मार्ग जवळपास टाळला. प्रत्येक प्रोग्रॅमने आपली बटणे व मजकूर सुलभता-इंटरफेसमधून स्वतः सांगावेत, अशी त्याची भिस्त होती. विंडोजवर १९९७ पासूनचा एमएसएए, २००६ चा आयॲक्सेसिबल-२ व नंतरचा यूआय ऑटोमेशन हे असे इंटरफेस; लिनक्सवर एटी-एसपीआय. ही भिस्त दूरदर्शी ठरली, पण तिचा अर्थ असाही की सांगणाऱ्याने सांगितले नाही, तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. चित्राच्या बटणाला नाव दिलेले नसेल, तर कानावर नुसते ‘बटन, बटन, बटन’ पडते.

म्हणून मुक्त सॉफ्टवेअरची वापरयोग्यता ही एकट्या स्क्रीन रीडरची गोष्ट राहत नाही. मोझिलाने एनव्हीडीएला आर्थिक साहाय्य दिले आणि तिचा फायरफॉक्स हा ब्राउझर त्याच्याशी लवकर जुळला. लिबरऑफिस हा मुक्त कार्यालयीन संच मात्र विंडोजवर कित्येक वर्षे स्क्रीन रीडरशी थेट न बोलता जावा या वेगळ्या प्रणालीच्या पुलावरून बोलत असे. २०१४ च्या सुमारास त्यात आयॲक्सेसिबल-२ आले, तेव्हा कुठे तो रोजच्या कामाला विश्वासार्ह झाला. लिनक्सवर तर प्रत्येक मोठे स्थित्यंतर अंधांना नव्याने सोसावे लागते. २०११ मधील ग्नोम ३ च्या वेळी चालते काम मोडले. पुढे वेलँड ही नवी पडदाव्यवस्था आली. सुरक्षिततेसाठी ती एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या कळा ऐकू देत नाही, आणि स्क्रीन रीडर तर कळा ऐकल्याखेरीज चालूच शकत नाही. या कोंडीवर तोडगे अलीकडे निघू लागले आहेत. याउलट डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराचा इन्स्टॉलर हे चांगले उदाहरण आहे. सुरुवातीची ‘बीप’ ऐकून एस व एंटर दाबले की पुढची सगळी स्थापना बोलून दाखविली जाते, आणि अंध व्यक्ती कोणाच्याही मदतीशिवाय रिकाम्या संगणकावर प्रणाली चढवू शकते.

आवाज : मजकुराचे बोलणे करणारा वाचासंश्लेषक हा स्वतंत्र घटक असतो. मुक्त जगात ईस्पीकचा वापर सर्वाधिक. जोनाथन डडिंग्टन यांनी त्याचे पूर्वरूप १९९५ मध्ये एकॉर्न संगणकासाठी केले, २००६ मध्ये ते लिनक्सवर आले. २०१५ पासून ईस्पीक एनजी ही शाखा चालू आहे. माणसाच्या आवाजाचे तुकडे न जोडता तो ध्वनी गणिताने घडवितो, त्यामुळे शंभराहून अधिक भाषा काही मेगाबाइटांत मावतात. प्रथम ऐकणाऱ्या डोळस माणसाला तो यांत्रिक, कर्कश वाटतो. सरावलेल्या वापरकर्त्याला मात्र तो गोड, नैसर्गिक आवाजापेक्षा पुष्कळदा सोयीचा पडतो. कळ दाबताच बोलतो आणि वेग कितीही वाढविला तरी शब्द फुटत नाहीत.

मराठी मजकूर : मराठी वापरकर्त्याच्या अडचणी बव्हंशी स्क्रीन रीडरच्या पलीकडे, मजकुरात व आवाजात आहेत. पहिली अडचण जुन्या फाँटांची. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, तरी कितीतरी मराठी दस्तऐवज त्यानंतरही अशा फाँटांत तयार झाले ज्यांत आत रोमन अक्षरे असतात आणि दिसतात तेवढी मराठी. कृतिदेवमध्ये टंकलेला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ‘ई-जे-के-बी-एच’ असतो, आणि स्क्रीन रीडर तोच वाचतो. पान सुंदर दिसते, पण अंध वाचकासाठी ते अस्तित्वातच नसते. स्कॅन केलेल्या पीडीएफची गत वेगळी नाही. त्यांवर टेसरॅक्ट या मुक्त अक्षर-ओळख प्रोग्रॅमचा मराठी संच उपयोगी पडतो, परंतु धूसर प्रतींवर त्याच्या चुका वाढतात.

दुसरी अडचण लिपीच्या भागीदारीची. तमिळ वा गुजराती मजकूर लिपीवरून ओळखता येतो. मराठी आणि हिंदी यांची लिपी एकच. वेबपानात भाषा ‘एमआर’ अशी नोंदविली नसेल, तर मराठी मजकूर सर्रास हिंदी आवाजाच्या हाती जातो. ही नोंद म्हणजे एका ओळीचे काम आहे, आणि मराठी संकेतस्थळे चालविणाऱ्यांनी ते न करण्याला कोणतेही सबळ कारण नाही.

तिसरी अडचण उच्चारांची. ‘चहा’तील च तालव्य, ‘चाक’मधील दंततालव्य, ‘जन्म’ आणि ‘जवळ’ यांतही तसेच. लेखनात फरक दिसत नाही, म्हणून नियमांनी भागत नाही व शब्दांची यादीच लागते. अनुस्वाराचे उच्चार ‘संबंध’, ‘सिंह’, ‘संशय’ यांत निराळे, आणि ‘केलं’, ‘घरं’ यांतला शिरोबिंदू तर अनुनासिकच नाही; तो शेवटचा अ लांबवितो. नियमांत तशी सोय नसेल, तर ‘केलं’चे ‘केलम्’ होते. शिवाय काही अक्षरे दोन प्रकारे साठविली जातात. ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये, युनिकोडच्या ५·१ आवृत्तीत मिळाले, त्याआधी ते अ आणि चंद्र जोडून लिहिले जाई आणि अजूनही काही कळफलक तसेच लिहितात. ‘दऱ्या’तील ऱ्यचीही तीच स्थिती. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी, आवाजाच्या नियमांना मात्र ती दोन वेगळी अक्षरे. हे दोष दुरुस्त करण्याजोगे आहेत. ईस्पीकची मराठीची नियमावली साध्या मजकूर-फायलीत असते, आणि मराठी ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकाला ती प्रोग्रॅमिंग न शिकताही बरीचशी सुधारता येईल.

भारतातील कार्य : मद्रास आयआयटीच्या पुढाकाराने अनेक संस्थांच्या गटाने भारतीय भाषांचे वाचासंश्लेषक तयार केले. त्यांत मराठी आहे, आणि एनव्हीडीए व ऑर्का यांच्याशी त्यांची जोडणी करण्यात आली. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र आहे. कायद्याच्या बाजूने २०१२ ची कॉपीराइट दुरुस्ती, अंधांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करण्यास मुभा देणाऱ्या माराकेश करारास भारताने २०१४ मध्ये सर्वांत आधी दिलेली मान्यता आणि २०१६ चा दिव्यांग हक्क अधिनियम हे टप्पे महत्त्वाचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुलभतेचे किमान निकष ऐच्छिक न ठेवता बंधनकारक असावेत असा निर्णय दिला.

ब्रेल : आवाजाबरोबर ब्रेलचा विचार मागे पडतो, हे मराठीच्या दृष्टीने हानिकारक आहे. बीआरएलटीटीवायच्या रूपांतर-भागातून पुढे लिब्लुई हा मजकुराचे ब्रेलमध्ये रूपांतर करणारा मुक्त प्रोग्रॅम-संच विकसित झाला. एनव्हीडीए व ऑर्का दोन्ही त्याचा उपयोग करतात, आणि त्यात भारती ब्रेलनुसार मराठीचे कोष्टक आहे. १९५१ मध्ये स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये ‘ळ’साठी ४-५-६ हे ठिपके आहेत. हलन्ताची खूण, म्हणजे चौथा ठिपका, व्यंजनाच्या आधी येते. छापील लिपीत ती नंतर असते. त्यामुळे कोष्टकाला अक्षरांचा क्रमही बदलावा लागतो. ऱ्हस्व-दीर्घ कळण्याचा अंध वाचकाचा खात्रीचा मार्ग ब्रेल हाच आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ हे शब्द संश्लेषकाच्या तोंडी, आणि पुष्कळदा माणसाच्याही तोंडी, सारखेच ऐकू येतात. बोटांखाली ते निराळे लागतात.