विशेष प्रशिक्षण केंद्र आणि हंगामी वसतिगृहाचा निधी: प्रस्ताव नेमके कुठे अडकतात

ऊसतोडीला, वीटभट्टीवर नाहीतर खाणीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी शिकायची किंवा राहायची सोय व्हावी म्हणून जे प्रस्ताव जातात, त्यातले बरेच पहिल्याच टेबलावरून परत येतात आणि कारणं दरवर्षी तीच असतात. मुलं खरी असतात, गरज खरी असते, धावपळ करणारी माणसंही तळमळीची असतात, फक्त कागद चुकीच्या योजनेचा असतो किंवा चुकीच्या महिन्यात गेलेला असतो. म्हणून सगळं एका जागी लिहितेय.

आधी नावाचं बघा. प्रस्तावावर 'पर्यायी शाळा', 'वस्तीशाळा', 'शिक्षण हमी केंद्र' असलं काही लिहू नका. सर्व शिक्षा अभियानाच्या सुरुवातीला ती सोय होती, एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या वस्तीवर केंद्र निघायचं आणि प्राथमिकच्या मुलामागे वर्षाला ८४५ रुपये, उच्च प्राथमिकला १२०० रुपये असा दर होता. पण १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा म्हणजे आरटीई लागू झाला आणि मान्यता नसलेली शाळा चालवायला बंदी आली, त्यामुळे ती केंद्रं एकतर नियमित शाळा झाली नाहीतर बंद झाली. तरी अजून कुणीतरी जुन्या फायलीतला नमुना काढतं, आकडे बदलतं आणि पाठवून देतं. असा प्रस्ताव कितीही चांगला असला तरी त्याला बसवायला लेखाशीर्षच, म्हणजे सरकारी हिशेबात पैसे ज्या नावाखाली मंजूर होतात ते खातंच, नाही.

आज जो पैसा मिळतो तो आरटीईच्या कलम ४ खालच्या विशेष प्रशिक्षणासाठी, समग्र शिक्षा योजनेतून, आणि त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. मुलाला आधी वयानुरूप वर्गात दाखल करायचं, मग मागे राहिलेला अभ्यास भरून काढायचा, कमीत कमी तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं. म्हणजे तुमचं केंद्र कुठल्या तरी मान्यताप्राप्त शाळेला जोडलेलंच पाहिजे आणि मुलाचं नाव त्या शाळेच्या जनरल रजिस्टरला, म्हणजे प्रवेशाच्या मुख्य नोंदवहीत, पाहिजे. मूल शिकता शिकता १४ वर्षांचं झालं तर त्याला काढून टाकायचं नसतं, आठवीपर्यंतचं प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याचा हक्क कायम राहतो, हे बऱ्याच शाळांनाही माहीत नसतं.

२०२१-२२ ते २०२५-२६ साठीच्या समग्र शिक्षा २.० च्या आराखड्यातले दर असे: अनिवासी प्रशिक्षणाला एका मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत, निवासीला २०,००० रुपयांपर्यंत. १६ ते १९ वयाच्या वंचित गटातल्या मुलामुलींना मुक्त विद्यालयातून शिकायला वर्षाला २,००० रुपयांपर्यंत मदत आहे, ती वेगळी. यातला 'पर्यंत' नीट वाचा. ही कमाल मर्यादा आहे आणि ती बारा महिन्यांची आहे. नऊ महिने केंद्र चाललं तर ४,५००, सहा महिने चाललं तर ३,०००, तीन महिन्यांना १,५००. सहा महिन्यांच्या केंद्राला मुलामागे ६,००० लावून पाठवलेलं बजेट मंजूर होणारच नाही, आणि ही चूक मी जितकी बघितलीय तितकी दुसरी कुठली नाही.

दुसरी गोष्ट, पैसा केंद्राला येत नाही, मुलाच्या डोक्यामागे येतो. २० मुलांचं अनिवासी केंद्र धरा, महिन्याला होतात १०,००० रुपये. त्यातच शिक्षण स्वयंसेवकाचं मानधन, त्यातच वह्या-पाट्या, साहित्य आणि किरकोळ खर्च. मुलं आठच असली तर हातात येतात महिन्याला ४,०००, त्यात कुठला शिकलेला मुलगा किंवा मुलगी रोज येऊन शिकवणार? म्हणून प्रस्ताव करायच्या आधी आसपासच्या दोन-तीन वस्त्यांची मुलं एका शाळेत एकत्र येऊ शकतात का ते बघा, अंतर जास्त असेल तर वाहतुकीची मागणी वेगळ्या शीर्षाखाली करता येते, तो खर्च या सहा हजारात घुसवू नका. निवासीचं गणित तर आणखी ओढाताणीचं आहे. २०,००० ला ३६५ ने भागा, दिवसाला ५५ रुपयेसुद्धा पडत नाहीत आणि त्यात जेवण, स्वयंपाकी, रात्रीची काळजीवाहू बाई, अंथरूण-पांघरूण, साबण-तेल सगळं आलं. शाळेच्या दिवशी दुपारचं जेवण पोषण आहारातून होतं, ते बजेटमध्ये परत धरलं की 'दुहेरी खर्च' म्हणून शेरा येतो. मुलाला दोन वेळचं धड जेवण द्यायचं तर हा दर अपुरा आहे हे मी स्पष्ट लिहिते. दर वाढवायचा तो दिल्लीत वाढेल, तोपर्यंत कमी पडणारी रक्कम लोकवर्गणीतून किंवा एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून, येणार असेल तर तसं प्रस्तावात लिहा, लपवू नका.

आता तारीख. लोकांना वाटतं जूनमध्ये शाळा उघडली की मागणी करायची, किंवा दसऱ्याला टोळ्या निघायला लागल्या की. तोपर्यंत त्या वर्षाचं सगळं ठरून गेलेलं असतं. शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा आर्थिक वर्ष संपायच्या निदान तीन महिने आधी करायचा, म्हणजे ३१ डिसेंबरच्या आत, आणि विशेष प्रशिक्षणाला किती पैसे लागतील ते त्यातच लिहायचं असं आरटीईच्या नियमांत आहे. तिथून ते केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषद, मग मुंबईला महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद, आणि शेवटी राज्याच्या वार्षिक कार्ययोजनेतून दिल्लीच्या प्रकल्प मंजुरी मंडळासमोर. म्हणजे येत्या दिवाळीत जी मुलं जाणार, त्यांची संख्या गेल्या डिसेंबरात कागदावर आलेली पाहिजे. हे ऐकून लोक हताश होतात, मला कळतं, पण गावातून दरवर्षी कोणकोणती घरं कोयता घेऊन जातात हे गावाला माहीत असतंच की. मागच्या वर्षीची यादी घ्या, नवीन लग्न झालेली जोडपी बघा, मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, कुणी घेतली ते विचारा, आकडा जवळपास बरोबर येतो.

मुलं मोजताना आणखी एक खाच आहे. राज्याच्या सर्वेक्षणात सलग एक महिन्याहून जास्त गैरहजर मूल शाळाबाह्य धरतात, केंद्राच्या व्याख्येत ४५ दिवस आहेत. पस्तीस दिवस गैरहजर असलेलं मूल इकडे यादीत असतं आणि तिकडे उडतं. यादीत 'गैरहजर कधीपासून' असा रकाना ठेवा आणि हजेरीपटाची झेरॉक्स जोडा. शाळाबाह्य मुलांची नावानिशी माहिती समग्र शिक्षाच्या 'प्रबंध' या ऑनलाईन पोर्टलवर चढते, मूल प्रशिक्षण केंद्राशी तिथेच जोडलं जातं, म्हणून नुसत्या कागदावरच्या यादीवर विसंबू नका, तालुक्याच्या गटसाधन केंद्रात जाऊन नाव खरंच चढलंय का ते स्क्रीनवर बघून या. आणि तेच मूल गावच्या वसतिगृहात पण आणि कारखान्याजवळच्या शाळेत पण दिसलं तर दोन्हीकडचे लोक अडकतात.

हंगामी वसतिगृहाची मुलं मुळात शाळाबाह्य नसतात, पटावर असतात, आईबापांबरोबर गेली तर शाळाबाह्य होतील म्हणून त्यांना थांबवायचं असतं. त्यांना विशेष प्रशिक्षणाच्या यादीत टाकू नका, दोन्ही शीर्षं वेगळी आहेत. इथे सगळ्यात नाजूक कागद म्हणजे पालकांचं संमतीपत्र. बीड, जालना, अहिल्यानगरकडच्या गावांतून ट्रक रात्रीत भरून निघतो आणि घराला कुलूप लागतं, मग नोव्हेंबरात मागणी आली की मुख्याध्यापक संमतीपत्रं गोळा करायला निघतात तेव्हा सह्या करणारं कुणी नसतं. एका गावच्या फायलीत आईचा अंगठा होता आणि खाली तारीख होती ती कुटुंब कारखान्यावर पोचल्यानंतरची, तपासणीत पहिली तीच सापडली. मुलं खरोखर राहत होती, आजीकडे नव्हे वसतिगृहातच जेवत होती, पण बिल अडकलं ते अडकलंच. पितृपक्षाच्या आसपास, माणसं घरी असताना, संमतीपत्रं घेऊन ठेवा. मागे राहणाऱ्या आजी-आजोबांचं किंवा चुलत्याचं नाव आणि नातं त्यावर लिहून घ्या, मूल आजारी पडलं तर कुणाला बोलवायचं हे त्यावरूनच ठरतं.

मूल आईबापांबरोबर जाणारच असेल तर निघायच्या आधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या आणि ते आईच्या पिशवीत जाईल असं बघा, शाळेच्या कपाटात राहिलं तर तिकडच्या शाळेला काय दाखवणार.

जन्माचा दाखला या मुलांकडे बहुतेक नसतो. घरी किंवा उसाच्या फडातल्या कोपीवर (झोपडीत) जन्मलेल्या मुलाचा कुठून असणार? त्यावाचून प्रवेश नाकारायला कलम १४ मध्ये बंदी आहे. अंगणवाडीची नोंद, दवाखान्याची किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरची नोंद, आणि तेही नसेल तर पालकांनी वयाबद्दल लिहून दिलेलं घोषणापत्र चालतं. टीसी यायला उशीर झाला म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही, ते कलम ५ मध्ये आहे. तरी अडवतात. ज्या कायद्याने मुलाला आत घ्यायला सांगितलंय तोच राबवणाऱ्यांनी दाखला नाही म्हणून त्याला फाटकाशी उभं करायचं, हे सहन करायची काहीच गरज नाही, कलम दाखवा आणि नकार लेखी मागा, लेखी नकार सहसा कुणी देत नाही. आधारचं मात्र वेगळं. प्रवेश आधारवाचून होतो, पण ऑनलाईन नोंदी जुळवताना नाव आणि जन्मतारीख जुळली नाही की मूल अडकतं, म्हणून मूल गावात असेपर्यंतच दुरुस्ती करून घ्या.

प्रस्ताव संस्थेचा असेल तर पॅन, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची संस्थेची नोंदणी, तीन वर्षांचे ऑडिट हे तयार ठेवाच, पण अडचण बहुतेकदा धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट एकच्या, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदीच्या, उताऱ्यात येते. त्यावर अजून जुने विश्वस्त असतात, त्यातले एखादे वारलेलेही असतात, आणि प्रस्तावावर सही असते नवीन अध्यक्षांची. बदल अर्ज दाखल केल्याची पावती तरी जोडा. अर्ज केलाच नसेल तर आधी ते काम, बाकी नंतर.

पैसा मंजूर झाला तरी तो शाळेच्या खात्यात येऊन पडत नाही. २०२१ पासून बहुतेक ठिकाणी खातं शून्य शिलकीचं असतं आणि खर्चाची मर्यादा ठरवून दिली जाते, वापरली नाही तर ३१ मार्चला ती जाते. किराणावाल्याचं बिल एप्रिलमध्ये दिलं तर ते कुणीतरी पदरमोड करून भागवतं, आणि ते बहुतेक मुख्याध्यापकच असतात. किराणा, गॅस, मानधन यांची बिलं महिन्याच्या महिन्याला टाका आणि प्रत्येक खर्चाला समितीचा ठराव घ्या. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला नसतील तर त्या ठरावावरही आक्षेप येतो, त्यातून पालक सदस्यच टोळीबरोबर गेले तर गणपूर्ती होत नाही, म्हणून गावात राहणारे दोन-चार पालक समितीत असू द्या.

प्रस्ताव परत आला तर तोंडी कारणावर परत येऊ नका. शेरा लेखी घ्या, नाही दिला तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रकल्प मंजुरी मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त समग्र शिक्षाच्या वेबसाईटवर सगळ्यांना बघता येतं, त्यात राज्याला या शीर्षाखाली किती मुलांचे आणि किती महिन्यांचे पैसे मिळाले ते असतं, तो आकडा हातात असला की 'निधीच नाही' या उत्तराला तिथल्या तिथे पुढचा प्रश्न विचारता येतो. आणि ठराव असो, यादी असो, एक प्रत आवक नंबर आणि शिक्क्यासकट स्वतःकडे ठेवा, कारण तालुक्याला टेबल बदललं की फाईल सापडत नाही आणि तुम्ही डिसेंबरातच मागणी केली होती हे दाखवायला तेवढाच कागद असतो.