फड पद्धत

फड पद्धत ही तापी खोऱ्यातील पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठी, म्हणजे आजच्या धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, निदान तीनशे-चारशे वर्षे चालत आलेली सामुदायिक सिंचनाची रीत आहे. नदीवर दगडी बंधारा घालायचा, पाणी पाटाने उताराउताराने शिवारात न्यायचे आणि ते कोणत्या पिकाला, किती आणि कधी द्यायचे हे गावाने मिळून ठरवायचे, असा हा व्यवहार. तमाशाचा फड, कुस्तीचा फड यांत माणसे जमतात. इथे फड म्हणजे बंधाऱ्याखालच्या भिजक्या जमिनीचा एक सलग भाग.

एका बंधाऱ्याखाली साधारण तीन-चार फड असतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे: एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभऱ्यासारखे हंगामी पीक, आणि दरसाल पिकांची फेरपालट. यामागे निव्वळ शिस्तीची हौस नाही. बारमाही उसाशेजारी हरभरा लावला, तर उसाला सोडलेले पाणी पाझरून हरभऱ्याची वाट लावते. सलग एकच पीक असले की सगळ्या शेतांची पाण्याची पाळी एकदम येते, पाट एकदा सोडून फड भिजवून होतो आणि वाटेत मुरणारे पाणी वाचते. फेरपालटीमुळे जमीन चिबडण्याचा धोकाही कमी होतो. जास्तीचे पाणी सांडव्यातून परत नदीत जाते आणि खालच्या गावाच्या बंधाऱ्याला मिळते.

पण पद्धतीची खरी अक्कल जमिनीच्या वाटणीत आहे. शेतकऱ्याची जमीन एका जागी नसून सहसा प्रत्येक फडात थोडी थोडी असते. समजा, एखाद्याकडे चार एकर आहेत आणि फडही चार. तर प्रत्येक फडात त्याचा एकेक एकर. नदीला पाणी कमी आले की पंच बसतात, उसाचे क्षेत्र कमी करतात किंवा एखादा फड पडीक ठेवतात. तेव्हा चार एकरवाल्याचा एक एकर पडतो आणि आठवाल्याचे दोन. पाटाच्या तोंडाशी असलेला तुपाशी आणि शेपटाचा उपाशी, हे कालव्यावरचे नेहमीचे भांडण इथे सुरू व्हायलाच फारशी जागा उरत नाही. माणसे गुण्यागोविंदाने राहावीत म्हणून उपदेश पुष्कळ झाले आहेत. फडाने शेजाऱ्याचे नुकसान आणि आपले नुकसान एकाच बांधात घातले. मला तरी हा उपाय जास्त भरवशाचा वाटतो.

रोजचे काम पाटकऱ्याचे. दारे धरायची ती त्याने. शेतकऱ्याने आपल्या हाताने पाणी फिरवायचे नाही. पाटकऱ्यांवर देखरेखीला हवालदार आणि उभ्या पिकाच्या राखणीला जागल्या. त्यांचा मोबदला पूर्वी पिकाच्या रूपात दिला जाई. पाटातला गाळ काढायला आणि बंधाऱ्याची डागडुजी करायला ज्याची जितकी जमीन, तितकी माणसे त्याने द्यायची.

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी अभ्यासकाने असे मांडले, की सामाईक कुरणावर प्रत्येक जण आपले एक जनावर जास्त सोडणार आणि शेवटी कुरणच उजाड होणार. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्पेन, नेपाळ, फिलिपिन्स अशा देशांतल्या शेतकऱ्यांच्या सिंचनसंस्था तपासून दाखवले, की लोक आपसांत नियम करतात, पाळतात आणि मोडणाऱ्याला ताळ्यावरही आणतात. त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. स्पेनमधील व्हॅलेन्सियात आजही दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दारात पाण्याचे न्यायालय भरते. तिथे निवाडा तोंडीच होतो.

फडाचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र झाकली जाते. पाण्याचा हक्क जमिनीला होता. ज्याला जमीन नाही, त्याला पाण्यात वाटाही नाही. तो गाळ उपसायला किंवा राखणीला असला तरी हिशेबाच्या बाहेरच. ही उणीव भरून काढणारा प्रयोग दुसरीकडे झाला. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाणी माणशी मोजले, माणशी अर्धा एकर भिजेल इतके. भूमिहीनालाही हक्क दिला आणि ऊस वर्ज्य केला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फड पद्धत खिळखिळी झाली. वरच्या अंगाला धरणे झाली आणि बंधाऱ्यात येणारे पाणी सरकारी वेळापत्रकावर येऊ लागले. वाटण्या होऊन, जमिनी विकल्या जाऊन तुकडे विस्कटले. एखाद्याचे सगळे क्षेत्र एकाच फडात आले की तो फड पडीक ठेवायला तो कशाला राजी होईल? धरणांची चर्चा बरीच होते, पण विहिरी आणि विजेच्या मोटारींनी केलेले नुकसान मला अधिक खोल वाटते. स्वतःच्या विहिरीवर मोटार बसली की पाटकऱ्याची वाट पाहायला नको, पंचांचे ऐकायला नको, गाळ काढायला जायलाही नको. विहिरीत उतरणारे पाणी बऱ्याच अंशी त्याच पाटाचे आणि बंधाऱ्याचे मुरलेले असते, हे मोटार चालू असेपर्यंत लक्षात येत नाही.

शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांसाठी राज्याने २००५ मध्ये कायदा केला. संस्थेला पाणी मोजून द्यायचे आणि आतली वाटणी सभासदांनी करायची, ही त्यातली कल्पना पांझराकाठच्या माणसाला नवी नाही. फरक इतकाच, की कायद्याने संस्था होते, प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात जाऊन पडत नाही.